सेलोबार बनवणाऱ्यांना

रिओ द जानेरोच्या एनिला लॅबोरेटरीचे चालक यांस,

पत्राच्या माथ्यावर ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची आमच्याकडे रीत आहे. तुमच्यासाठी तो लिहायला माझा हात धजत नाही.

२००३ च्या मे महिन्यात ब्राझीलच्या गोयास राज्यात काही माणसं पोटाचा एक्स-रे काढायला गेली. आमच्याकडे ज्याला बेरियम मील म्हणतात, तसल्या तपासणीसाठी त्यांनी तुमचं सेलोबार प्यायलं आणि आजारी पडली. एकट्या गोयासमध्ये नऊ जण गेले. बाटलीत बेरियम सल्फेटबरोबर बेरियम कार्बोनेटही होतं. ते उंदीर मारायला वापरतात.

तुम्ही म्हणे सल्फेट स्वतःच तयार करायला घेतलं होतं, तेही कार्बोनेटपासून. किती पैसे वाचले हो? तुमच्याकडे रसायनाची पदवी घेतलेली माणसं होती. कार्बोनेटच्या कणावर सल्फेटचं कवच धरलं की आतला गाभा तसाच राहू शकतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं? सल्फेट पाण्यात विरघळत नाही आणि पोटातल्या आम्लातही जवळजवळ विरघळत नाही. म्हणून तर ते गिळता येतं आणि जसंच्या तसं बाहेर पडतं. कार्बोनेट मात्र आम्ल लागताच फसफसतं आणि त्यातलं बेरियम मोकळं होऊन रक्तात उतरतं. परीक्षानळीत थोडा नमुना आणि वर आम्लाचे चार थेंब, एवढ्यावर बुडबुडे दिसले असते. ही चाचणी न करता तुम्ही माल विकलात, की करून विकलात? यातलं कमी वाईट कोणतं, ते तुम्हीच ठरवा. शेवटी ती चाचणी रुग्णांच्या जठरात झाली.

पुढे काय होतं, तेही ऐका. स्नायूंच्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर पडायच्या वाटा बेरियम बुजवतं. आत ओढणारा पंप मात्र चालूच राहतो. पोटॅशियम पेशीत कोंडलं जातं आणि रक्तात त्याचा खडखडाट होतो. आधी उलट्या, जुलाब, पोटात पिळवटून टाकणाऱ्या कळा. रक्तदाब चढतो, हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडतात. मग हातपाय लुळे पडतात आणि तो लुळेपणा श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचतो. हे सगळं होताना माणूस बहुधा शुद्धीवर असतो. आपल्याला श्वास घेता येत नाही, हे त्याला कळत असतं. तुमच्या हिशेबाच्या वहीत याला रकाना होता का?

प्रमाणाचंही बोलू. अशा तपासणीत रुग्णाला शंभर ग्रॅमच्या घरात सल्फेट पाजलं जातं. त्यात शेकडा पाच भाग जरी कार्बोनेट निघालं, तरी पाच ग्रॅम विष पोटात गेलं. एवढ्यात माणूस मरू शकतो. गोळीतली भेसळ एक वेळ मिलिग्रॅममध्ये मोजता येते. तुमचं औषध पेलाभर प्यायचं होतं.

आणि या विषावर उतारा आहे, याचा मला सर्वांत जास्त संताप येतो. शिरेतून पोटॅशियम द्यायचं, गरज पडली तर कृत्रिम श्वासोच्छ्वास, डायलिसिस. पोटात उरलेल्या बेरियमसाठी सोडियम किंवा मॅग्नेशियम सल्फेट पाजतात, म्हणजे त्याचं न विरघळणारं बेरियम सल्फेट होतं. वेळेत हे मिळालं तर माणूस एक-दोन दिवसांत उठून बसू शकतो. पण त्यासाठी डॉक्टरला बेरियमचा संशय यायला हवा. बाटलीवर निरुपद्रवी औषधाचं नाव छापलेलं असताना तो का यावा? तुमच्या लेबलाने रोग्याचीच नव्हे, डॉक्टरचीही वाट चुकवली.

मला उत्तर पाठवू नका. त्या बॅचच्या नोंदवहीत ‘आम्लात विरघळणारं बेरियम’ या तपासणीसमोर काय लिहिलं होतं आणि खाली कोणाची सही होती, ते गोयासमधल्या त्या नऊ घरांना लिहून कळवा.