सराफ्यातला ययाति

‘ययाति’ आता कोण वाचतं, असं विचारणाऱ्याला रात्री अकराला इंदूरच्या सराफ्यात उभं करावं. दिवसा इथे सोनं विकतात. शटरं खाली आली की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, हिवाळ्यात गराडू आणि बारमाही ताटलीएवढा जलेबा. आमच्या रामबागेतले एक काका, काकूंना ‘शतपावली करून येतो’ सांगून, त्या जलेब्यापुढे थबकतात. खिशात शुगरचा ताजा रिपोर्ट. चेहऱ्यावर धर्म आणि काम यांचं घनघोर युद्ध.

खांडेकरांना ही घालमेल मांडायला १९५९ साली जाडजूड कादंबरी लागली, तिला १९७४चं ज्ञानपीठही मिळालं. काका दोन मिनिटांत उरकतात. वर ‘उद्यापासून बंद’ म्हणतात. महाभारतातल्या ययातीला एवढं कळायला हजार वर्षं लागली होती. काकांना रोज रात्री कळतं.

कादंबरी त्यांच्या घरी आहे हो! लग्नात आहेर आलेली, अजून कोरी. ‘जुनं झालं ते,’ काका बोटं चाटत म्हणतात. ययातीने मुलाकडे तारुण्य मागितलं. काका पुण्यातल्या मुलाला फक्त औषधांची बिलं पाठवतात.