तिरफळाची सोयरीक

कोल्हापुरात रस्सा कसा झालाय हे जिभेला विचारत नाहीत, कपाळाला विचारतात. घाम फुटला तर बरा, नाक वाहू लागलं तर झकास, आणि डोळ्यांतून पाणी आलं की जगात भारी. या मोजपट्टीवर तिरफळ पहिल्याच फेरीत बाद होतं. ते तिखट नाही, आंबट नाही, गोड तर नाहीच. दाताखाली आलं की आधी लिंबाच्या सालीचा वास येतो, मग क्षणभर काहीच होत नाही, आणि ‘एवढंच?’ असं म्हणायला तोंड उघडावं तर ओठांवर बारीक मुंग्या चालू लागलेल्या असतात.

आमच्या चटणीत ते असतं, म्हणजे काही घरांत असतं. (परगावच्या वाचकांसाठी : कोल्हापूरकर ज्याला चटणी म्हणतो त्याला बाकीचं जग कांदा-लसूण मसाला म्हणतं.) उन्हाळ्यात डंकावर रांगा लागतात. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी आणि लवंगी तिखटाला, मग धने, तीळ, खोबरं, दगडफूल, नाकेश्वर, बादयान, आणि यादीच्या तळाला ‘त्रिफळ थोडं’. लक्ष्मीपुरीतला दुकानदार ते कागदाच्या पुडीत बांधून देतो. एवढ्या मिरच्यांत आणि लसणात त्या मूठभर तिरफळांचं पुढं काय झालं, याची चौकशी आजवर कुणी केलेली नाही. माझ्या मते ती तिथं फक्त यादी पूर्ण करायला जातात.

तिरफळाचा खरा मुलूख घाटाखाली. गगनबावडा कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटर. तिथून करूळ नाहीतर भुईबावडा घाट उतरला की चटणीचं राज्य संपतं आणि आमसुलाचं सुरू होतं. आमच्या शेजारच्या वैनी वेंगुर्ल्याच्या. लग्न होऊन घाट चढल्या तेव्हापासून त्यांच्या फडताळात काचेची एक बरणी असते, घट्ट झाकणाची. तिरफळाचा वास उडाला की उरतो तो निव्वळ पाचोळा, म्हणून त्या बरणीला घरातल्या कुणी हात लावायचा नाही.

वैनी बांगड्याचं कालवण करतात ते बघण्यासारखं असतं. सुकलेलं तिरफळ उकललेलंच असतं, आत एक काळा चकचकीत मणी. तो मणी त्या नखानं काढून टाकतात, कारण तो दाताखाली आला तर वाळू चावल्यासारखी कचकच होते आणि वर कडवटपणा. उरलेली तपकिरी टरफलं वाटीभर पाण्यात भिजत घालतात. खोबरं, मिरची, हळद, धने यांचं वाटण वेगळं. त्यात तिरफळ नाही. एकदा मी विचारलं, मिक्सरलाच का लावत नाही? वैनींनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी बांगडाच मिक्सरला लावायला सांगितला. “तिरफळां वाटूची नसतत, चेचूची असतत.” मग मुठीच्या खालच्या बाजूनं त्यांनी ती टरफलं पाण्यातच चेचली आणि कालवणाला शेवटची उकळी येताना पाण्यासकट ओतली. वर आमसुलं, मीठ, झाकण. लसूण नाही, आलं नाही, कोथिंबीर नाही. फोडणीसुद्धा नाही. कोल्हापूरच्या माणसाला हे स्वयंपाक अर्धवट टाकून उठल्यासारखं वाटतं.

जेवताना टरफलं ताटाच्या कडेला काढून ठेवायची. ती खायची नसतात. त्यांचं काम झालेलं असतं.

आणि हे काम सगळ्या माशांत चालत नाही, यातच तिरफळाचा स्वभाव कळतो. बांगडा, तारली अशा तेलकट, उग्र वासाच्या माशांशी त्याचं जमतं. पापलेटाच्या वाटेला वैनी ते जाऊ देत नाहीत. त्याची सोयरीक जमवायची तर समोरच्या घरात दोन गोष्टी लागतात : अंगात तेल आणि जवळ आंबट. तेल त्याचा वास धरून ठेवतं, आंबट त्याला तोंड फोडतं. मासे नसले तरी चालेल. कोकण-गोव्यातल्या सारस्वत घरांत कांदा-लसणाशिवायच्या डाळीत, कडधान्याच्या तोणाकात खोबरं आणि आंबट असतंच, तिथं चार तिरफळं पडली की कांद्याची आठवणही होत नाही. (हे वाक्य मी कोल्हापुरात मोठ्यानं म्हणत नाही.)

झाड लिंबाच्या कुळातलं, बेल आणि कढीलिंब त्याचे भाऊबंद. बुंध्यावर जाडजूड काटे, त्यामुळं वर चढायचं म्हणजे हिंमतीचं काम. जगभर याचे सख्खे नातेवाईक आहेत : नेपाळात टिमूर, जपानात सान्शो, आणि सगळ्यांत नाव काढलं ते चीनच्या सिचुआन प्रांतातल्या मिऱ्यानं. अमेरिकेनं त्या मिऱ्याला १९६८पासून २००५पर्यंत दारातच अडवलं होतं. कारण हेच कूळ. लिंबू-संत्र्याच्या बागांना होणारा कँकर रोग या मिऱ्याबरोबर येईल अशी धास्ती होती. मग ते तापवून आणायच्या अटीवर सोडलं. भाऊबंदकीची शिक्षा इतकी वर्षं भोगलेला दुसरा मसाला मला माहीत नाही.

ओठांवरच्या मुंग्यांचाही छडा लागलाय. तिखटाची आग मिरचीतल्या कॅप्सेसिनची. ही झिणझिण सॅन्शूल नावाच्या द्रव्याची, आणि ते स्पर्शाच्या नसा हलवतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१३मध्ये लोकांच्या ओठांना सिचुआन मिरी लावली, बोटाला कंप देणारं यंत्र लावलं आणि दोन्ही झिणझिणी जुळेपर्यंत यंत्राचा वेग बदलत नेला. उत्तर आलं सेकंदाला पन्नासच्या आसपास. आपल्या घरातल्या विजेचा आकडाही पन्नासच. म्हणजे तिरफळाच्या कुळाची आणि महावितरणची वारंवारता एक. फरक इतकाच की वळवाच्या पावसात तिरफळ जात नाही.

सिचुआनचं मला एका गोष्टीसाठी कौतुक वाटतं. मिरची तिकडंही परकीच, अमेरिकेतून समुद्रमार्गे आलेली. आपल्याकडं ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. सिचुआनकरांनी नव्या मिरचीला जुन्या मिऱ्याशेजारी पाट मांडला, आणि बधिर-तिखट अशी जोडचव बनवून जगभर खपवली. आपल्याकडं दोघं एका घाटाच्या अंतरावर राहतात आणि चारशे-पाचशे वर्षांत नीट बोलणं नाही. तिखट वर, तिरफळ खाली.

ही बोलणी आपण करून पाहावीत, असं आमच्या तालमीतल्या एका दोस्ताच्या आणि माझ्या मनानं घेतलं. तांबडा रस्सा लगेच निकालात निघाला : लसूण आणि चटणीपुढं तिरफळाचा आवाजच येईना. मिसळीतही तेच, वर फरसाणानं जो काही वास होता तो पिऊन टाकला. पांढऱ्या रश्श्यात मात्र, नारळाच्या दुधामुळं असेल, दोन चेचलेली टरफलं आणि वर लिंबू पिळल्यावर काहीतरी फार चांगलं झालं. परंपरेचे रखवालदार घरात होते, म्हणून आम्ही त्याबद्दल बोललो नाही.

खरी बाजी मारली भडंगानं. वैनींनी टरफलं तव्यावर कोमट केली, खलबत्त्यात मिठाबरोबर कुटली, चाळून घेतली आणि चिमूटभर भडंगावर टाकली. चुरमुऱ्यांना तेल लागलेलं होतंच, वर लिंबू. शेंगदाणा, तिखट, आणि मागून ती झिणझिण. हेच मीठ पेरूच्या फोडीवर उत्तम, काकडीवर चांगलं, कलिंगडावर ठीक.

पेयांत सोलकढी पहिली, यात वादच नाही. आमसूल आणि नारळ दोन्ही तिच्यात आयते. ताकात एक टरफल चुरगाळून अर्धा तास ठेवलं तर जिऱ्याची गरज राहत नाही. उसाच्या रसात लिंबाबरोबर हे मीठ टाकलं तर गोडाची मिठी सैल होते, आणि गुऱ्हाळांच्या जिल्ह्यात हे अजून कुणाला सुचलं कसं नाही याचं नवल वाटतं. दूध कोल्ड्रिंकमध्ये घालू नका. गंगावेशीत म्हशीचं ताजं दूध पिताना तर तिरफळाचा विचारही मनात आणू नका. दुधात तेल आहे पण आंबट नाही, आणि आंबट घातलं तर दूध राहत नाही. चहाबद्दल मी बोलणार नाही, कारण चहात लोक काय काय घालतात हे बघून मी थांबलोय.

दोस्ताला मात्र मूळ मुद्दाच पटत नव्हता. “वैनी, ह्ये तिखट न्हाई, आन् जीभ तर झोपली. मग ह्येचं करायचं काय?” वैनी म्हणाल्या, “भावजी, जीभ झोपली तर माणूस थोडो हळू जेवता.” हे कोल्हापुरी पैलवानाला सांगण्यासारखं नव्हतं. तरी त्यानं मिठाची एक डबी मागून घेतली. मटणात घालायचं नाही, या अटीवर वैनींनी ती दिली.

रविवारी दुपारी त्याचा फोन आला. मटणात घातलं होतं. हात सैल पडला होता. पाव्हणे आले होते.

“मग?” मी विचारलं.

“मग काय? सासऱ्यांपास्नं मेव्हण्यापातुर समदी गप. कुणी मीठ कमी म्हणालं न्हाई, कुणी तिखट जास्त म्हणालं न्हाई. लग्नापास्नं पयल्यांदा.” आणि मग आवाज खाली आणून, “वैनींकडं आनि एक डबी मिळंल का बघ की.”