केळी चालतील, तूप चालणार नाही

जळगाव-धुळ्याकडच्या ज्या कुटुंबाला लहान मुलांसह वर्षभर परदेशी राहायचे आहे, त्याने पहिली दक्षता घ्यावी ती ही, की व्हिसा हातात पडेपर्यंत कोणाजवळ चकार शब्द काढू नये. बातमी शेजारच्या काकूंपर्यंत पोचली की तिकीट निघायच्या आत केळवणाच्या थाटात जेवणे सुरू होतात. मामाकडे वरण-बट्टी, आत्याकडे खापरावरची पुरणपोळी, मावशीकडे तर्री आलेली शेवभाजी. उद्या व्हिसा नाकारला गेलाच, तर ही जेवणे परत कशी करायची याचे मार्गदर्शन कोणत्याही दूतावासाच्या पत्रकात नाही.

कागदपत्रांत सर्वांत अवघड कागद म्हणजे तान्ह्या बाळाचा फोटो. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो पासपोर्ट केंद्रात घरूनच न्यावा लागतो आणि त्याची पार्श्वभूमी पांढरी हवी. यावर रूढ उपाय असा: बाळाला पांढऱ्या चादरीवर उताणे निजवावे, फोटोग्राफरने स्टुलावर चढावे, आजीने खुळखुळा वाजवावा आणि बाकीच्यांनी खोलीबाहेर थांबावे. बाकीचे थांबत नाहीत. म्हणून बहुतेक फोटोंत बाळ डावीकडे पाहत असते.

देश निवडताना भावनेला थारा देऊ नये. केवळ हिंडायचे असेल तर युरोपातील शेंगेन देशांचा पर्यटक व्हिसा दर १८० दिवसांत ९० दिवसच राहू देतो. त्यामुळे ‘वर्षभर युरोप’ हे गणित नोकरी किंवा शिक्षणाचा परवाना असल्याशिवाय सुटत नाही. तसा परवाना मिळवायचा, तर सध्या जर्मनीचे नाव पुढे आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, तेव्हापासून तर अधिकच. म्हणून पुढील सूचना जर्मनीला जाणारे कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून केल्या आहेत.

आता सामान. सूटकेस कुटुंबाची असली तरी ती भरण्याचा अधिकार आजीचा असतो, हे आधी मान्य करावे. मात्र आजीला युरोपीय संघाचे नियम समजावून सांगण्याची जबाबदारी एका धीट माणसावर सोपवावी. बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. म्हणजे घरचे कढवलेले तूप बाद, पेढे बाद, खव्याची पोळी बाद. तान्ह्यासाठी दुधाच्या भुकटीला मर्यादित सवलत आहे, पण आठ वर्षांच्या नातवाला तान्हे म्हणून दाखवण्याचा आग्रह आजीने धरू नये.

भाजी-फळांच्या बाबतीत मात्र ब्रुसेल्समध्ये खानदेशाचा कोणी भाचा बसला असावा. डिसेंबर २०१९ पासून ताजी फळे-भाज्या नेण्यासाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. अपवाद फक्त पाच फळांचा: अननस, नारळ, डुरियन, खजूर आणि केळी! जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तसेच ते जळगावच्या भरताच्या वांग्यालाही मिळाले. पण केळीचा घड फ्रँकफुर्टला ऐटीत उतरू शकतो आणि बामणोदचे हिरवे, गुटगुटीत वांगे कागदाविना दारातच अडते. केळी बॅगेत तीन शर्टांसह काळी पडतात, ही गोष्ट वेगळी. कायद्याने ती निर्दोष आहेत.

विमान दुबईमार्गे असेल तर काळ्या मसाल्याची चौकशी करणे आलेच. आपल्याकडे वाटणात सहज पडणारी खसखस संयुक्त अरब अमिरातीत अमली पदार्थांत मोडते आणि ती बाळगल्याबद्दल तिथे अटक होऊ शकते. ‘मसाल्यात खसखस घातली आहे का?’ हा प्रश्न सासूबाईंना त्यांच्या मुलाने विचारावा. सुनेने विचारल्यास त्याचा अर्थ निराळा घेतला जातो.

एवढे करून पोचल्यावर मुले पहिल्या आठवड्यात भरीत मागतात. जर्मन बाजारात वांगे मिळते, जांभळे, चकचकीत आणि मुकाट. पण वांगे भाजायला कापसाच्या पऱ्हाट्या कुठून आणायच्या? भाड्याच्या घरात बहुधा विजेची शेगडी, ज्वाला नाहीच. झोपण्याच्या खोल्यांत आणि बोळात धुराची सूचना देणारे यंत्र बसवणे कायद्याने सक्तीचे आहे, आणि या यंत्राला लसणाची फोडणी व आग यांतला फरक कळत नाही. तेव्हा वांगे ओव्हनमध्ये वरच्या आचेवर साल काळी पडेपर्यंत भाजावे, कांद्याची पात व शेंगदाणे सढळ घालावेत आणि धुराचा वास आठवणीतून घ्यावा. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून कांद्याची पात शनिवारीच आणावी.

वाहतुकीचे नियम मुलांना लवकर समजतात, बापाला उशिरा. जर्मनीत बारा वर्षांखालील आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मोटारीत वेगळे बालआसन लागते. जळगावात धाकटा स्कूटरवर पुढे उभा, थोरली मध्ये, आई मागे आणि तिच्या मांडीवर भाजीची पिशवी, अशी बैठक ज्यांनी वर्षानुवर्षे निभावली, त्यांना हा अपमान वाटतो. त्यांच्या माहितीसाठी: भारतातही फेब्रुवारी २०२३ पासून दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट व सुरक्षापट्टा सक्तीचा आहे, वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर. नियम घरीही होता. भेट तिकडे झाली.

सर्वांत गंभीर प्रकरण शाळेचे. सहाव्या वर्षाच्या आसपास मूल पहिल्या दिवशी शाळेत जाते तेव्हा त्याच्या हाती खाऊ-खेळण्यांनी भरलेला, जवळजवळ त्याच्याच उंचीचा कागदी शंकू देतात. खानदेशी पालक भारावतात आणि इथेच फसतात. शाळा तिथे सक्तीची आहे. घरी शिकवतो म्हणून सुटका नाही, आणि मेमध्ये चुलतभावाची हळद आहे म्हणूनही नाही. २०१८ मध्ये बव्हेरियात सुट्टी लागायच्या आधीच मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबांना मेमिंगेन विमानतळावर पोलिसांनी गाठले होते. आपली लग्नसराई उन्हाळ्यात, त्यांची मोठी सुट्टी बाडेन-वुर्टेम्बर्गात जुलैच्या अखेरीस. म्हणून नात्यातल्या वधूवरांनी मुहूर्त जर्मन शाळेच्या वेळापत्रकावरून काढावा. पंचांगकर्त्यांनी सहकार्य न केल्यास व्हिडिओ कॉलवर अक्षता टाकाव्यात. (चिडून मुलाला धपाटा घालायचा विचार असेल तर तोही सोडावा. मुलाला हिंसेविना वाढण्याचा हक्क जर्मन कायद्याने २००० मध्ये दिला आहे.)

हे सगळे आजच घडते आहे असे मात्र समजू नये. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा अवघी दोन वर्षांची होती. मदतीला आजी नव्हती, नवरा आधीच वारला होता. वाँटेजच्या मठात राहूनही रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, आणि त्यावरून तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चांगलाच तिखट झाला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. थोड्या दिवसांची म्हणून सुरू झालेली ती फेरी जवळजवळ तीन वर्षे चालली. मध्येच छोट्या मनोरमेला इंग्लंडला परत पाठवावे लागले. मायदेशी परतायला १८८९ उजाडले. ‘वर्षभरात येतो’ असे सांगून निघणाऱ्यांनी घरच्या गॅसची टाकी कोणाकडे ठेवायची, ते या हिशेबाने ठरवावे.

आजीच्या फोनची वेळ आधीच बांधून घ्यावी. जर्मनी आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. आजी रात्री नऊला ‘जेवण व्हयनं का?’ विचारते तेव्हा नातू नुकताच शाळेतून येऊन बूट काढत असतो. पहिले चार महिने तो अहिराणीला मराठीत उत्तर देतो, पुढे मराठीला जर्मनमध्ये. आजीचे फारसे अडत नाही. तिला चेहरा भरला की वाळला एवढेच पाहायचे असते. अडते ते आईबापांचे, कारण दुकानात आणि दवाखान्यात त्यांचा दुभाषी आता सात वर्षांचा आहे आणि तो डॉक्टरांना काय सांगतो याची खातरजमा करता येत नाही.

परतल्यावर कोणीतरी हमखास म्हणेल की पोराचे एक वर्ष वाया गेले. वाद घालू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या शाळेबाहेर राहिलेल्या मुलालाही वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. तिकडच्या शाळेचा दाखला आणि गुणपत्रक मराठी किंवा इंग्रजी भाषांतरासह आणले की काम सोपे होते.

आणि ज्यांना खरोखरच जायचे आहे त्यांच्यासाठी एक सूचना, विनोद बाजूला ठेवून. लहान मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षे चालतो, मोठ्यांसारखा दहा नव्हे. त्यातही अनेक देश मुदतीचे किमान सहा महिने शिल्लक मागतात. आजच कपाट उघडून मुलांच्या पासपोर्टवरची तारीख पाहा.