टाकी येणार आहे

दर्याशेठांच्या हॉलमध्ये भिंतीलगत चार फूट बाय दोन फूट जागा कायम मोकळी असते. तिथे खुर्ची ठेवायची नाही, रद्दी टाकायची नाही, नातवाने सायकल लावायची नाही. टाकी येणार आहे, खाऱ्या पाण्याची. गणपतीचं मखर मात्र तिथेच बसतं, कारण त्यावर वहिनींनी चर्चाच होऊ दिली नाही.

दर्याशेठ हे सोसायटीने ठेवलेलं नाव. एरवी हे विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, पोहता न येणारे, शुद्ध शाकाहारी गृहस्थ. १९५१ साली मुंबईत उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात लहानपणी वडिलांचं बोट धरून शिरले, ते मनाने अजून बाहेर आलेले नाहीत. गोड्या पाण्यातल्या गप्पी पाळणाऱ्यांशी ते प्रेमाने पण वरच्या पट्टीतून बोलतात. त्यांना हवा प्रवाळाचा खडक, त्यात नारिंगी-पांढरे क्लाउनफिश, आणि तोही डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर.

अशा माणसाला मासा सगळ्यात शेवटी लागतो. आधी लागते यादी, आणि यादीला अंत नसतो, कारण तिच्यातली प्रत्येक वस्तू दुसरीच्या पायात पाय घालते. उदाहरणार्थ, प्रोटीन स्किमर. पाण्यात बारीक बुडबुडे सोडायचे, विरघळलेली घाण त्यांना चिकटते, फेस होऊन वरच्या कपात जमा होते. आता हा घ्यायचा तर एक माप मोठाच. मोठा स्किमर टाकीखालच्या संपमध्ये मावत नाही, म्हणून संप वाढवा. संप वाढला की स्टँड उंच करा. स्टँड उंच केला की टाकी डोळ्यांच्या वर जाते आणि मासे बघायला स्टुलावर उभं राहावं लागतं. इथे दर्याशेठ आनंदाने नवीन पान उघडतात.

मे महिन्यात डोंबिवलीचा पारा चाळिशीला टेकतो. टाकीतलं पाणी हवं पंचवीस-सव्वीस अंशांवर. म्हणून चिलर. चिलर पाण्यातली उष्णता काढतो ती हॉलमध्ये सोडतो. म्हणून हॉलला एसी. वीज गेली तर? म्हणून इन्व्हर्टर, पण तो पंपांना. एसीला पुरणार नाही. घरातली हाडामांसाची माणसं आजही पंख्याखाली बसतात. एसी अजून न आलेल्या माशांसाठी मंजूर आहे.

चार बाय दोन बाय दोन फुटांच्या टाकीत साडेचारशे लिटर पाणी बसतं. काच, दगड, संप धरून प्रकरण पाऊण टनावर जातं. हे त्यांनी स्वतःहून सोसायटीला लेखी कळवलं. वास्तविक कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई तेव्हापासून जिन्यात भेटल्या की आधी वर बघतात, मग त्यांच्याकडे.

"जुहूहून चार कॅन भरून आणा की," असं एकदा मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सत्यनारायणाच्या तीर्थाला गटाराचं पाणी सुचवलं होतं. पाणी आरओचं लागतं, त्यात लिटरला पस्तीस ग्रॅम खास मीठ, म्हणजे पहिल्या भरण्यालाच सोळा किलो. "एवढ्या मिठात आपलं दीड वर्ष निघेल," वहिनी म्हणाल्या. "अगं, ते खायचं नव्हे, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम सगळं मोजून असतं." खारेपणा मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर तेवढं घरात आलं आहे. टाकी नसल्यामुळे ते कैऱ्या खारवलेल्या पाण्यावर चालवून पाहिलं. रेघ पट्टीबाहेर गेली. "शंभराच्या वर आहे!" ते ओरडले. "कैऱ्या टिकल्यात ना?" आतून आवाज आला.

सगळ्यात मोठी मेख वेगळीच आहे. खडक बांधणारे दगडी प्रवाळ आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, थेट वाघाच्या पंगतीत. दर्याशेठांना हे तोंडपाठ आहे आणि ते कायदा मोडणाऱ्यातले नाहीत. तरीही यादीत प्रवाळांच्या सांगाड्यासाठी कॅल्शियम थेंबथेंब सोडणारा पंप आहे, त्यांना मानवेल असा निळसर दिवा आहे, त्यांच्या अंगावरून पाणी वाहतं ठेवणारे वेव्हमेकर आहेत. सिलिकॉनचे खोटे प्रवाळ सुचवले तर म्हणतात, "मग मासेही प्लास्टिकचे आणू का?"

त्यांना हसणं सोपं आहे, पण हिशेब चोख असतो. क्रॉफर्ड मार्केटमधला दुकानदार पूर्वी त्यांना गिऱ्हाईक समजून चहा पाजायचा, आता नवीन गिऱ्हाइकं त्यांच्याकडेच पाठवतो. कल्याण-ठाण्यात काही टाक्या त्यांच्या कागदांवर चालल्या आहेत. एकाने मासे सोडायची घाई केली, तेव्हा "अमोनिया शून्यावर येऊ दे, महिना-दीड महिना नुसतं पाणी बघ," असं त्यांनी फोनवर खडसावलं. नुसतं पाणी बघायला लागणारा धीर त्यांच्याकडे भरपूर आहे. पाण्याचीच तेवढी वाट आहे.

सध्या दुसऱ्या टाकीचं चाललंय. नवा मासा थेट मोठ्या टाकीत सोडत नाहीत. काही आठवडे विलगीकरणात ठेवून अंगावर पांढरे ठिपके उठतात का बघतात. ती टाकी बेडरूममध्ये, कपाट सरकवून. परवा ते टेप लावून मापं घेत होते.

"अहो, आणि मी कुठे झोपायचं?"

"तुझं बघू गं नंतर," टेप न सोडता ते म्हणाले, "आधी प्लग पॉइंट किती लागतील ते मोजू दे."