पुढे चाल

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात शालेय स्पर्धांचा एक भन्नाट नियम आहे. खाजगी शाळेचा पट 1.65 ने गुणायचा. शाळेत हजार पोरं असतील तर कागदावर ती साडेसोळाशेंची शाळा, आणि भिडायचं त्याच मापाच्या शाळांशी. कारण सरकारी शाळेला हद्दीतली पोरं घ्यावी लागतात, खाजगी शाळा मात्र कुठूनही तगडी पोरं गोळा करते. तिथला फुटबॉल हातात धरून पळायचा असतो, ते सोडा. भांडण मात्र खरं आहे.

हा गुणाकार नगर जिल्ह्याच्या शालेय फुटबॉलला लावून बघावा म्हटलं, तर पहिल्याच पायरीला अडलो. भांडायला समोर कोणीतरी लागतं. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा चौथीला संपतात, काही सातवी-आठवीपर्यंत रेटतात. शालेय फुटबॉलचे गट 14, 17 आणि 19 वर्षांखालचे. चौथीतलं पोरगं दहा वर्षांचं. त्याचा पाय चेंडूवर बसायला लागेपर्यंत त्याची सरकारी शाळाच उरकलेली असते. शून्याला 1.65 ने गुणा, नाहीतर साडेसोळाने.

पुढे ही पोरं जातात रयतच्या नाहीतर गावच्या संस्थेच्या हायस्कुलात. कागदोपत्री तेही खाजगीच. मास्तरांचा पगार सरकारचा, इमारत संस्थेची, मैदान देवाच्या भरवशावर. आणि दहा एकर माळावर दोन गोलपोस्ट, जाळी आणि हिरवळ घेऊन बसलेली निवासी इंग्रजी शाळा, तीही खाजगीच. दोन्ही एकाच गटात. नियम सगळ्यांना सारखा!

पावसाळ्यात एकदा हे सामने बघायला जा. एकीकडे शाळेच्या बसमधून उतरलेला संघ. स्टडचे बूट, पाठीवर नंबर, बर्फाचा डबा. प्रशिक्षक वेगळा, क्रीडाशिक्षक वेगळा, बाटल्या उचलायला तिसराच. दुसरीकडे क्रूझर जीपमधून उतरलेली चौदा पोरं, त्यात बूट सात जोड. मैदानात जाणाऱ्याने बाहेर येणाऱ्याकडून घ्यायचे, सैल झाले तर पुढे कागदाचा बोळा कोंबायचा. शिन गार्डशिवाय पंच आत सोडत नाहीत, म्हणून मोज्यात जाड वहीचा पुठ्ठा. पंच पुठ्ठ्याकडे बघतात, आभाळाकडे बघतात आणि शिट्टी वाजवतात. अर्ध्या तासात पुठ्ठ्याचा लगदा होतो. तोवर निकालही लागलेला असतो.

आणि ही आलेल्यांची गोष्ट झाली. नगर हा 17,048 चौरस किलोमीटरचा, राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके. अकोले तालुक्यातल्या राजूरहून नगर गाठायचं तर दीडशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी नवाच्या सामन्यासाठी पोरांनी पहाटे चारला गाडीत बसायचं, गाडीचं भाडं सरांनी वर्गणीतून भागवायचं, आणि पहिल्याच फेरीत हरून दुपारी परतीला लागायचं. मग एखाद्या वर्षी गाडी निघतच नाही. त्या दिवशी समोरच्या संघाला ‘पुढे चाल’ मिळते. अशा दोन चाली मिळाल्या की गावात जिंकल्याचे फ्लेक्स लागतात.

सर कुठे असतात, असं विचाराल. आधी सर आहेत का ते विचारा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तरच आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाला निदेशक, तोही अंशकालीन. शंभराच्या आतल्या पोरांचं आरोग्य आपोआप चांगलं राहतं, असं शास्त्र असावं. शाळेला मैदान हवं, हेही त्याच कायद्यात आहे. केवढं, ते काही तिथे लिहिलेलं नाही. जिथे सर आहेत तिथे ते मतदारयादी घेऊन घरोघर फिरत असतात. गावातल्या कुठल्या घरात कोण अठरा वर्षांचं झालं ते त्यांना तोंडपाठ, सतराच्या आतलं कोण खेळतं ते बघायला सवड नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं मात्र म्हणू नका. 2017 साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, काही सामने नवी मुंबईत. त्याआधी, 15 सप्टेंबरला, ‘मिशन वन मिलियन’ म्हणून अख्ख्या महाराष्ट्राने एकाच दिवशी फुटबॉल खेळायचा असं ठरलं. शाळांना चेंडू वाटले. पुढाऱ्यांनी धोतर-पायजमा सावरत लाथा मारल्या, फोटो निघाले, अहवाल वर गेले. दहा लाखांचं उद्दिष्ट होतं. ते एका दिवसात गाठल्यावर सोळा तारखेला करायला काही उरलंच नाही.

आता पोरं पळवण्याचा मुद्दा. अकराव्या वर्षी गावच्या माळावर चमकणारा पोरगा तेराव्या वर्षी निवासी शाळेच्या जर्सीत दिसतो. फी माफ, वसतिगृह माफ, बूट शाळेचे. हायस्कूलचे सर चिडतात, ‘आमचा हिरा नेला!’ मी त्या शाळेला दोष देत नाही, बापाला तर नाहीच. दोन वेळचं जेवण, दूध, गवताचं मैदान मिळत असताना पोराला पुठ्ठ्याच्या शिन गार्डशी इमान राखायला कोण सांगणार? शिवाय हाच उद्योग सरकारही क्रीडा प्रबोधिनीच्या नावाने करतं, तेव्हा त्याला योजना म्हणतात. माझी तक्रार फक्त फ्लेक्सबद्दल आहे. त्यावर ‘आमच्या शाळेने घडवलेला खेळाडू’ असं छापतात, तेव्हा अनवाणी घडलेली आधीची पाच वर्षं कुठल्या कोपऱ्यात बसतात तेवढं बघा.

सगळ्याच इंग्रजी शाळांना माळ लाभलाय असंही नाही. कित्येकांचं मैदान म्हणजे पेव्हर ब्लॉकचं अंगण, त्यात फुटबॉल फक्त माहितीपत्रकाच्या कव्हरवर. त्यांचीही कीव करायला हवी, फी बघितली की जमत नाही एवढंच.

आणि दारं किती आहेत बघा. दिल्लीत 1960 पासून सुब्रतो कप होतो, देशातली शालेय फुटबॉलची मोठी स्पर्धा. तिथे राज्यांचे संघ जातात, तसे सीबीएसईसारख्या मंडळांचेही वेगळे जातात. नवोदय विद्यालयांनाही त्यांचं स्वतंत्र दार आहे. आपलं नवोदय पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरला. थोडक्यात, ज्याच्याकडे काहीतरी आहे त्याला आणखी एक दार. मराठी अनुदानित हायस्कूलला मात्र एकच, तालुका-जिल्हा-विभाग-राज्य, आणि तिथेही आधीच रांग. सुब्रतो कपच्या 2025 च्या सतरा वर्षांखालच्या मुलांच्या अंतिम सामन्यात केरळच्या फारूक हायर सेकंडरी शाळेने, म्हणजे अनुदानित शाळेने, उत्तराखंडच्या सीबीएसईवाल्या खाजगी शाळेला 2–0 ने हरवलं. अनुदानित शाळा जिंकू शकते ती अशी. फक्त तिने केरळात असावं लागतं.

उपाय नाहीत असं नाही. मुंबईत 1893 पासून शालेय क्रीडा संघटना आहे, तिथे फुटबॉलच्या श्रेण्याच पाडल्यात. तगडे तगड्यांशी, नवखे नवख्यांशी. नगरला दोन श्रेण्या पाडायला ना निधी लागतो ना मंत्रिमंडळाची बैठक. जिल्ह्याचं नाव बदलण्याइतकंही अवघड नाही.

छोट्या शाळांसाठी तर सरकारने स्वतःच अर्धी वाट काढून ठेवलीय. 2023 साली वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची कल्पना निघाली. मग शिक्षण खात्याच्या एका केंद्रातल्या आठ-दहा शाळांचा मिळून एक संघ का नको? केंद्रप्रमुख व्यवस्थापक, चेंडू 2017 चा. हे एका अधिकाऱ्याला सुचवलं, तर ते म्हणाले, प्रवेशिकेत शाळेचा यू-डायस क्रमांक टाकावा लागतो आणि रकाना एकच आहे. शाळेत अकरा पोरं नसली तरी चालतं, क्रमांक मात्र अकरा आकडी हवा.