शून्य ते शंभर, व्हाया आजींचे गुडघे

गाड्यांचा नाद असलेल्या माणसाचं लग्न झालं, मुलं झाली की मित्रमंडळींत त्याच्याबद्दल हळहळ सुरू होते. 'बिचारा! एके काळी टॉर्कवर तासभर बोलायचा, आता डिकीवर बोलतो.' संसारानं एका रसिकाचा बळी घेतला, असा एकूण सूर. मला तो अजिबात मान्य नाही. माझ्या मते गाडीची खरी पारख कुटुंबालाच असते. शौकीन माणूस हा पुढच्या उजव्या सीटपुरता तज्ज्ञ. उरलेल्या चार जागांविषयीचं त्याचं ज्ञान ऐकीव असतं. स्वतःच्या गाडीत मागे बसून तो कधी चौकापर्यंतही गेलेला नसतो.

त्याचा लाडका आकडाच घ्या. शून्यावरून शंभरावर जायला किती सेकंद? ऐकायला झकास, पण वापरायचा कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला ताशी 100 ची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी. समृद्धीवर 120 ची मुभा आहे, पण तिथे सगळा दिवस एकाच वेगात जायचं असतं, दर दोन मिनिटांनी शून्यावरून सुरुवात करायची नसते. पळवून वाचवलेले दोन सेकंद खालापूरच्या टोलनाक्यावर व्याजासकट परत द्यावे लागतात. बहुतेक पेट्रोल इंजिनं पूर्ण ताकद देतात ती साडेपाच-सहा हजार फेऱ्यांच्या आसपास, आणि तिथवर काटा नेला की शेजारून 'काय झालं गाडीला?' असा प्रश्न येतो. म्हणजे ज्या ताकदीसाठी जादा पैसे मोजले, ती घरच्यांच्या दृष्टीनं बिघाड असते.

उलट आजींची परीक्षा पाहा. आजी गाडीत शिरत नाहीत, बसतात. आधी दाराकडे पाठ करायची, एक हात दाराच्या चौकटीवर, दुसरा नातवाच्या खांद्यावर, मग अंग सीटवर सोडायचं आणि शेवटी साडी सावरत दोन्ही पाय आत ओढून घ्यायचे. सीट कमरेच्या पातळीला असेल तरच हे जमतं. खाली असेल तर गुडघ्यांवर भार येतो, फार उंच असेल तर चढावं लागतं. 1998 मध्ये सँट्रो आली आणि पुढच्या वर्षी वॅगन आर. दोन्ही उभट. शौकिनांनी 'डबा' म्हणून नाकं मुरडली, आणि त्या डब्यांनी घरंच्या घरं जिंकली. वॅगन आर अजून विकली जाते. जमिनीला टेकलेली, वळणावर न झुकणारी गाडी शौकिनाला प्यारी, पण त्या सीटवरून उठताना आजी ज्या देवाचं नाव घेतात, त्याच्याकडे कंपनीच्या अभियंत्यांनी लक्ष द्यायला हवं.

सस्पेन्शनचंही तेच. गाडी वळणाला कशी चिकटते यावर मासिकांत पानंच्या पानं लिहिली जातात. आंबेनळी घाटात मात्र निकाल मागच्या सीटवरच लागतो. तिथे मूल मोबाइलमध्ये डोळे घालून बसलेलं असतं. डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, कान सांगतात आपण गरगरतोय, आणि या भांडणाचा निवाडा पोट करतं. आवळासुपारी संपली, प्लॅस्टिकची पिशवी उघडली गेली, की बाबांच्या हँडलिंगचं समीक्षण लिहून पूर्ण झालं. ज्याच्या गाडीत घाट उतरेपर्यंत कोणाला गाडी लागत नाही, त्याला चालवता येतं. मला याहून कडक कसोटी ठाऊक नाही.

बाजाराचा इतिहासही कुटुंबाच्या बाजूनं साक्ष देतो. चाकणला तयार होणाऱ्या पोलोवर शौकिनांचा जीव होता. मागे पाय ठेवायला जागा बेताची, आणि 2022 मध्ये ती बंद झाली. रांजणगावच्या पुंटोला तर 145 हॉर्सपॉवरचा अबार्थ अवतारही मिळाला. तिची तारीफ सगळ्यांनी केली, विकत फार थोड्यांनी घेतली. थारचा 2020 चा अवतार तीन दारांचा होता. मागे जायचं तर पुढची सीट वाकवून गड चढावा लागे. 15 ऑगस्ट 2024 ला रॉक्स आली, पाच दारांची. दोन दारांचं हे स्वातंत्र्य कोणी मिळवून दिलं? मागे बसणाऱ्यांनीच. अर्थात नुसत्या दारांनी कुटुंब भुलत नाही. 2023 मध्ये जिम्नीलाही पाच दारं मिळाली, पण सीट चारच आणि डिकी 208 लिटर. इथे लोकांनी कौतुकानं पाहून घेतलं आणि पुढे गेले. तीच भारतात बनलेली गाडी जपानमध्ये गेली, तर काही दिवसांतच बुकिंग थांबवण्याची वेळ आली. जपानी माणूस लग्नाला किती जणांना घेऊन जातो, हे एकदा विचारायला हवं.

यावर कोणी म्हणेल, गाडी ही मनाची गोष्ट आहे, तिथे हिशेब कसला? कबूल. पण मग मन फक्त चालकालाच असतं का? दुसरे म्हणतात, दोन गाड्या ठेवा, एक घराची आणि एक हौसेची. हा सल्ला देणाऱ्यानं सोबत पार्किंगही द्यावं. सोसायटीत एका जागेसाठी सर्वसाधारण सभेत काय होतं, ते सर्वश्रुत आहे. शिवाय हौसेची गाडी आठवडाभर उभी राहते आणि रविवारी सकाळी तिची बॅटरी उतरलेली असते.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: कुटुंबही चुकतं. सात सीटची गाडी हवी, हा हट्ट घरूनच येतो. एर्टिगात तिन्ही रांगा भरल्या की डिकी उरते 209 लिटर, म्हणजे माणशी तीस. एका दप्तराची सोय. सात माणसं देवदर्शनाला जाऊ शकतात, मुक्कामाला नाही. आणि ते सनरूफ! उन्हाळ्यात वरून भट्टी, पावसाळ्यात बंद, आणि उरलेल्या दिवसांत त्यातून पोरं बाहेर काढून आईबाप व्हिडिओ काढतात. या वेडापायी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल किंवा मागच्या मधल्या सीटचा तीन बिंदूंचा पट्टा याबद्दल कोणी विचारतही नाही. शौकिनानं आपली विद्या खर्चावी ती इथे. ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅपची अपघात-सुरक्षा चाचणी सुरू आहे. तिचे तारे घरच्यांना समजावून सांगणं हे टॉर्कपेक्षा मोठं काम आहे, आणि त्याला अडून बसण्याचा पूर्ण हक्क आहे.

तेव्हा पुढच्या वेळी शोरूमला जाताना आजींना बरोबर न्या. टेस्ट ड्राइव्हला किल्ली सेल्समनच्या हातात द्या, त्याला सगळ्यांत खराब रस्ता सांगा, आणि तुम्ही मागे मधल्या सीटवर बसा.