पडदा बंद, कीर्तन चालू

यूट्यूबचे व्हिडिओ यूट्यूबच्याच सर्व्हरवरून आणून आपल्या खिडकीत दाखवणाऱ्या परक्या प्रोग्रॅमना पर्यायी अॅप म्हणतात. न्यूपाइप, फ्रीट्यूब, स्मार्टट्यूब, इन्व्हिडियस ही त्यांतली नामांकित मंडळी. त्यांत जाहिराती नसतात, लॉगिनची सक्ती नसते आणि न्यूपाइपसारख्यात मोबाइलचा पडदा बंद केला तरी कीर्तन चालू राहते. न बघता ऐकण्याची ही चैन रेडिओने आजोबांनाही दिली होती. यूट्यूबने ती प्रीमियम सभासदांसाठी राखून ठेवली आहे. भारतात २०१९ साली महिना १२९ रुपये, २०२४ पासून १४९.

या अॅपना घरघर लागणे नवे नाही, आणि ती फक्त गरिबांनाच लागते असेही नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज फोनसाठी यूट्यूबचे अॅप काढले. त्यात जाहिराती दिसत नाहीत म्हणून गूगलने हरकत घेतली. मायक्रोसॉफ्टने मुकाट्याने जाहिराती दाखवायची तयारी केली, तर अॅप एचटीएमएल-५ मध्ये हवे होते अशी नवी अट निघाली. गूगलची स्वतःची अॅप तरी त्यात कुठे होती, हा प्रश्न मायक्रोसॉफ्टने विचारून पाहिला.

२०२२ मध्ये व्हॅन्स्ड नावाचे असेच एक अॅप कायदेशीर पत्र येताच बंद पडले. त्याच्या जागी आलेले रीव्हॅन्स्ड तयार अॅप देतच नाही, यूट्यूबच्या मूळ अॅपसाठी फक्त दुरुस्त्या पुरवते. कापाकापी वापरणाऱ्याने आपल्या घरी करावी. २०२३ मध्ये इन्व्हिडियसला आलेल्या पत्रात यूट्यूबच्या एपीआयच्या, म्हणजे परक्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या अधिकृत दाराच्या, अटी मोडल्याचा ठपका होता. आम्ही तो एपीआय वापरत नाही आणि तुमच्या अटी आम्ही कधी मान्यही केलेल्या नाहीत, असे उत्तर गेले. प्रकल्प आजही चालू आहे.

वकिलांना पुरते जमले नाही ते आता जावास्क्रिप्टकडे सोपवले आहे. व्हिडिओच्या पत्त्यात ‘एन’ नावाचा एक चिमुकला घटक असतो. यूट्यूबच्या प्लेअरमधला मुद्दाम गुंतवून ठेवलेला कोड चालवून तो बदलला नाही, तर व्हिडिओ थेंबथेंब गळू लागतो. कोणीतरी स्वयंसेवक रात्र जागून हा गुंता सोडवतो. प्लेअर पुन्हा बदलतो. अखेर २०२५ च्या नोव्हेंबरात व्हिडिओ उतरवून घेणाऱ्या वायटी-डीएलपी या प्रोग्रॅमने हात टेकले आणि यूट्यूबसाठी डेनोसारखे वेगळे जावास्क्रिप्ट इंजिन जोडून घ्यायला सांगितले. वर ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ हा निरोप आहेच. तो माणसांनाही येतो.

यूट्यूबची बाजू अगदीच लंगडी नाही. मोठ्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के तो व्हिडिओ करणाऱ्याला मिळतात, आणि पर्यायी अॅपमधून बघणारा त्याच्या ताटात काहीच वाढत नाही. करणाऱ्यांविषयीचा हा कळवळा उरलेले ४५ टक्के मोजताना विशेष दाटून येतो, एवढेच.

खरा घाव मात्र यूट्यूबकडून नव्हे, अँड्रॉइडकडून यायचा आहे. गूगलने प्रमाणित केलेल्या अँड्रॉइड फोनवर ओळख न पटवलेल्या डेव्हलपरचे अॅप बसू द्यायचे नाही, असे गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले. कारण सुरक्षिततेचे दिले. त्याच वर्षी स्मार्टट्यूबची, अॅप अस्सल असल्याची सही करण्याची किल्ली चोरांच्या हाती लागली, त्यामुळे या कारणाला हसण्याचीही सोय राहिली नाही. ओरड झाल्यावर, धोका पत्करणाऱ्या जाणकारांसाठी एक आडवाट ठेवू असे आश्वासन मिळाले. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून ठरली. भारतासह उरलेल्या जगाचा नंबर २०२७ पासून.